दोन दिवसांसाठी निघालो होतो

तालुक्याच्या दवाखान्यासमोर अ‍ॅम्ब्युलन्स उभी होती आणि मला तिच्यात चढता येत नव्हतं. बाळंत होऊन पाच तास झाले होते. वैशूच्या बाबांनी एका हाताने मला धरलं आणि दुसऱ्या हाताने पिशवी आत ठेवली. पिशवीत दोन साड्या होत्या आणि बाळाची दुपटी. बाळ नर्सबाईंच्या मांडीवर होतं. तेव्हा ते नुसतं बाळ होतं, रेवा हे नाव नंतरचं. त्याच्या तोंडाला सारखा फेस येत होता आणि डॉक्टरांनी घातलेली नळी पोटात उतरतच नव्हती. "नागपूरला न्या, आत्ताच," एवढंच ते बोलले होते.

फाटकापाशी माझी मोठी मुलगी वैष्णवी उभी होती. सहा वर्षांची. तिचा हात माझ्या मोठ्या जाऊबाईंच्या हातात होता. मी त्यांना ताई म्हणते.

"बाळाले कुठी नेऊन राहिले?" वैशूनं विचारलं.

"नागपूरले. दोन दिवसांत येतो आम्ही. ताईले त्रास देऊ नको."

ताई पुढे आल्या, माझ्या डोक्यावरचा पदर कानावरून नीट ओढून घेतला. "वारं लागू देऊ नको. अन् इकडची काळजी करू नको वं. तू तिकडचं पाह्य."

त्या दोन दिवसांना आता नऊ वर्षं होतील. त्यानंतर मी गावी अनेकदा गेले, लग्नाला, सणाला, मयतीला. राहायला मात्र गेले नाही. आमच्याकडून पुण्याला, सुरतेला कामासाठी गेलेली माणसं निघताना रडली होती, निरोप घेऊन, पाया पडून गेली होती. आम्हाला निरोप घ्यायचं सुचलंच नाही. चुलीवर दूध तापत ठेवून माणूस अंगणात येतो, तसे आम्ही घरातून बाहेर पडलो.

नागपूरच्या डॉक्टरांनी एका पाठकोऱ्या कागदावर चित्र काढून दाखवलं. वरून एक नळी आली होती आणि मध्येच बंद झाली होती. खाली पोटाच्या बाजूने एक तुकडा वर आला होता, तोही आखूड. दोघांच्या मध्ये कोरा कागद होता. "अन्ननलिकेचा हा मधला भाग बनलाच नाही," ते म्हणाले. "टोकं इतकी लांब आहेत की आज जोडता येणार नाहीत. ती थोडी मोठी झाली की आपण रस्ता तयार करू."

वैशूच्या बाबांनी विचारलं, "मोठी म्हणजे केवढी साहेब?"

"वर्षाची. दीड वर्षाची."

वैशूच्या बाबांनी कागदावरच्या त्या कोऱ्या जागेवरून बोट फिरवलं. गावी त्यांचं मोटारी दुरुस्तीचं दुकान होतं, विहिरीवरचे जळलेले पंप घेऊन लोक यायचे. तुटलेली तार कुठून कुठे जोडायची हे त्यांच्या हाताला कळायचं. इथे जोडायला तारच नव्हती.

दुसऱ्या दिवशी पहिलं ऑपरेशन झालं. मानेच्या डाव्या बाजूला एक बारीक छिद्र केलं, तोंडातली लाळ तिथून बाहेर यायची. पोटावर दुसरं छिद्र, त्यात नळी. दूध त्या नळीतून द्यायचं. सिरिंज वर धरली की दूध भराभर उतरतं आणि बाळ अस्वस्थ होतं, खाली धरली की थांबतं. ती नेमकी किती उंच धरायची हे मी आठ दिवसांत शिकले. आजही ग्लासात दूध ओतताना माझा हात नकळत त्या उंचीवर जातो.

त्या पहिल्या खेपेला आम्ही चार महिने वॉर्डात होतो. दोनदा न्यूमोनिया झाला. बाळाचं नाव केसपेपरवर लिहायचं होतं म्हणून सिस्टरनी विचारलं आणि मी फोनवर वैशूला विचारलं. तिच्या वर्गात रेवा नावाची मुलगी होती, तिच्याकडे रंगीत खडूंची पेटी होती. झालं, रेवा. आमच्याकडे बारसं असं झालं.

उन्हाळा त्याच वॉर्डात गेला. कॉरिडॉरमध्ये मोठा कूलर होता, त्याच्या ओल्या वाळ्याचा वास दुपारभर यायचा. शेजारच्या पलंगावर छत्तीसगडची एक बाई होती, तिच्या मुलाचं पोटाचं ऑपरेशन झालं होतं. तिचा नवरा नागपूरबाहेर बुटीबोरीला कापडाच्या कारखान्यात होता. ती माझ्या बाळाकडे पाहायची तेव्हा मी आंघोळीला जायचे, मी पाहायचे तेव्हा ती. ताई एसटीच्या कंडक्टरकडे डबा द्यायच्या, त्यात ज्वारीच्या भाकरी, जवसाची चटणी, कधी तुरीच्या ओल्या दाण्यांची सुकी भाजी. आम्ही दोघी खिडकीपाशी बसून खायचो. मला गावाची आठवण येते हे सांगायला लाज वाटत नाही. पण कधी कधी त्या वॉर्डाचीही आठवण येते, आणि हे मी आजवर कोणाला सांगितलं नव्हतं. तिथे सगळ्यांच्या लेकराला काहीतरी झालेलं होतं. "काय झालं?" असं कोणी डोळे मोठे करून विचारत नव्हतं.

तिच्या नवऱ्यामुळेच वैशूच्या बाबांना बुटीबोरीत मशीन दुरुस्तीचं काम मिळालं. डॉक्टरांनी बजावलं होतं, हॉस्पिटलपासून अर्ध्या तासाच्या आत राहा. जरीपटक्याला एक खोली पाहिली. वरच्या मजल्यावरची होती. घरमालकीणबाई, त्यांना सगळी गल्ली आंटी म्हणते, माझ्या खांद्यावरच्या रेवाची मान पाहून म्हणाल्या, "बेटा, बच्ची को लेके सीढ़ी कैसे चढ़ेगी? मेरा नीचे वाला कमरा ले ले। मैं ऊपर चली जाती हूँ।" आणि खरंच त्या गेल्या. गुडघे दुखत असताना.

त्या खोलीत रेवाला चव शिकवली. सिस्टरनी सांगितलं होतं, पोट नळीने भरलं तरी तोंडाला विसरू देऊ नका. गिळायचं विसरली तर उद्या रस्ता तयार होऊनही ती खाणार नाही. म्हणून मी एका हातात सिरिंज धरायचे आणि दुसऱ्या हाताने तिच्या तोंडात वरणाचं पाणी घालायचे. ती मिटक्या मारायची, गिळायची, आणि ते पाणी मानेच्या छिद्रातून खालच्या फडक्यावर यायचं. दिवसातून पाच वेळा. गावची नातेवाईक मंडळी यायची, पाहून तोंड फिरवायची. एक मावशी म्हणाल्या, "बाहेरच येऊन राहिलं, मंग काहून चारते?" मी म्हटलं, "तिले माहीत राहावं म्हणून."

दीड वर्षाची झाल्यावर मोठं ऑपरेशन झालं. तिचं पोटच वर ओढून मानेपर्यंत आणलं आणि तिथे जोडलं. सकाळी आत नेली ती संध्याकाळी बाहेर आली. सहाव्या दिवशी जोड गळायला लागला, छातीत पू झाला, पुन्हा आत नेलं. मग ती व्हेंटिलेटरवर गेली. डॉक्टर वैशूच्या बाबांना म्हणाले, "घरच्यांना बोलवायचं असेल तर बोलवून घ्या."

ताई वैशूला घेऊन आल्या. वैशू आठ वर्षांची होत आली होती. फ्रॉक आखूड झालेला, केस ताईंच्या हातच्या दोन वेण्यांत. कॉरिडॉरमध्ये ती माझ्याजवळ आली, मी तिला कवेत घेतलं, तीही राहिली. मग तिला तहान लागली. ती वळून म्हणाली, "आई, पाणी दे."

ती ताईंकडे पाहून म्हणाली होती.

ताईंच्या हातातली बाटली तशीच राहिली. वैशूला काही कळलं नाही, तिने बाटली घेतली आणि पाणी प्यायली. ती बाबांसोबत खाली गेल्यावर ताई माझ्या शेजारी बाकावर बसल्या.

"म्या नाही शिकवलं वं तिले. घरातली पोरं म्हणतात, तिच्याबी तोंडात बसलं."

"माहीत हाये ताई."

"तुले राग आला?"

मला राग आला होता. कोणावर, ते समजत नव्हतं. मी म्हटलं, "तिले तुमच्याकडे तहान लागते, हे बरंच हाये." म्हटलं आणि मग रडले. आतल्या रेवासाठी इतक्या दिवसांत रडले नव्हते, ते सगळं तिथे आलं. ताईंनी उठून मला आडोसा केला, येणाऱ्या-जाणाऱ्यांना दिसू नये म्हणून.

अकरा दिवसांनी रेवाची श्वासाची नळी निघाली. आणखी दीड महिन्याने डॉक्टर म्हणाले, आता एक चमचा पाणी पाजून पाहा. मानेचं छिद्र बंद झालेलं होतं. तरीही मी सवयीने फडकं घेऊन तिच्या मानेखाली धरलं. तिने पाणी गिळलं. मी, वैशूचे बाबा, दोन सिस्टर, सगळे त्या फडक्याकडे पाहत होतो. फडकं कोरडं राहिलं. रेवा आमच्याकडे पाहत होती, दुसरा चमचा काहून येत नाही म्हणून.

पुढच्या जूनमध्ये आम्ही वैशूला नागपूरला आणलं. शाळेत घातलं, नवं दप्तर घेतलं. तिने तक्रार केली नाही. नुसतं बोलणं कमी केलं, मग जेवण. रेवाची जोडलेली जागा सारखी अरुंद व्हायची, ती रुंद करायला दर तीन आठवड्यांनी भूल देऊन न्यावं लागायचं, आणि त्या दिवशी वैशू आंटींकडे बसून राहायची, दप्तर मांडीवर घेऊन. दीड महिन्याने तिचे बाबा म्हणाले, "तिले घरी पाठवू."

"मंग हे काय हाये?" मी विचारलं.

रविवारी ते तिला घेऊन गेले. मी बसस्टँडवर गेले नाही. ते चुकलंच माझं.

वैशू दहावीपर्यंत गावीच राहिली. यंदा अकरावीला तिने स्वतःच नागपूरच्या कॉलेजचा फॉर्म भरला. आता संध्याकाळी ती ताईंना फोन करते, "आई, जेवली का वं?" आणि फोन कानाला तसाच ठेवून मला विचारते, "आई, मीठ कुठे ठेवलं?" दोघींनाही तेच नाव. सुरुवातीला मी तेवढ्यापुरता गॅस बारीक करून ऐकायचे. आता नाही करत.

रेवा आता तिसरीत आहे. लहान-मोठी मिळून सात ऑपरेशनं झाली. बारीक घास, ताठ बसणं, पाव तासाचं जेवण पाऊण तासात. शाळेतला डबा दोन सुट्ट्यांमध्ये वाटून खाते. तिला जरीपटक्याचा बाजार, आंटींचं दार आणि कॉलनीतल्या मैत्रिणी एवढंच घर म्हणून माहीत आहे. परवा गावी ताईंच्या मुलीच्या लग्नाला गेलो तेव्हा दुसऱ्याच दिवशी ती म्हणाली, "घरी कधी जायचं?" वैशू पटकन म्हणाली, "घरीच तर आलो ना." दोघींनी माझ्याकडे पाहिलं, कोण बरोबर ते मी सांगावं म्हणून. इतकी वर्षं मी स्वतःलाही तेच विचारत आले होते.

दुपारी मांडवात पंगत बसली. आपल्याकडच्या पंगती कशा घाईत उठतात ते तुम्हाला ठाऊक आहे, पुढची पंगत मागे उभीच असते. रेवाच्या ताटात अर्धा वरण-भात होता आणि आजूबाजूची सगळी पानं रिकामी झाली. वाढणारे घुटमळायला लागले. रेवा गडबडून मोठा घास घेऊ लागली. मी तिला उचलायला पुढे झाले, म्हटलं घरात नेऊन शांतपणे खाऊ घालू.

ताई तिच्या शेजारी बसल्या होत्या. त्यांचं जेवण केव्हाच झालं होतं, हात वाळला होता. नवरीची आई, शंभर कामं वाट पाहत होती. कोणीतरी हाक मारली, "काकू, उठा ना, दुसरी पंगत बसवायची हाये."

"बसवा ना तिकडून," ताई म्हणाल्या. "आमचं जेवण चालू हाये." मग रेवाकडे वळून, "तू खाय वं सावकाश. मी हाये बसून."

रेवानं घास लहान केला. मीही त्यांच्या रांगेत खाली बसले. पलीकडून वैशू आली, तीही बसली. बाजूला दुसरी पंगत वाढायला घेतली होती, आणि आम्ही तिघी रिकाम्या हातांनी रेवाचं होईपर्यंत बसून राहिलो.