कानाचा तुकडा

जामखेडकडच्या कोरड्या पट्ट्यात मी वीस वर्षं गाई-म्हशींना कृत्रिम रेतन करतोय. पदवी नाही, तरी लोक डॉक्टर म्हणतात. मीही कधी नको म्हटलं नाही.

एका मावशींची म्हैस म्हातारी होऊन आडवी झाली. दर वेताला भरपूर दूध, स्वभावानं गरीब, पण पोटाला एकही वगार, म्हणजे मादी पिल्लू नाही, सगळे टोणगेच. "डॉक्टर, हिच्या मागं हिचं काय बी न्हाई हो ऱ्हानार," म्हणत त्यांनी डोळ्याला पदर लावला.

मला कुठली अवदसा आठवली कोण जाणे, मी क्लोनिंगचं काढलं! कातडीतली पेशी घ्यायची, तिचं केंद्रक दुसऱ्या म्हशीच्या रिकाम्या केलेल्या अंड्यात घालायचं, तो गर्भ तिसरीच्या पोटात वाढवायचा. होणारी वगार हुबेहूब हिच्यासारखी.

"पण ती तुम्हाला ओळखणार नाही," मी म्हणालो.

"नसू द्या. मी वळखीन की तिला."

एका संशोधन संस्थेला फोन लावला. तिथल्या बाई म्हणाल्या, खात्री देत नाही, पण कानाचा तुकडा पाठवा. सलाईनमध्ये बुडवून बर्फाशेजारी ठेवा, गोठू मात्र देऊ नका.

मावशींनी म्हशीचं तोंड मांडीवर धरलं, मी तुकडा काढला. आणि माझी अक्कल बघा! वीर्याच्या कांड्या मी वीस वर्षं द्रव नायट्रोजनच्या भांड्यात गोठवून जपल्या. जपायचं ते सगळं तिथंच, हे हाताचं वळण. वाटेत बर्फ वितळला तर? बाईंना काय कळतंय, असंही वाटलं. तुकडा भांड्यात सोडला आणि तसाच संस्थेकडे धाडला. वीर्यात गोठण्यापासून वाचवणारं द्रव्य आधीच मिसळलेलं असतं. कातडीत कुठलं?

आठवड्यानं त्या बाईंचा फोन आला. "गोठवलंत ना? पेशी फुटल्यात. दुसरा तुकडा पाठवा." म्हैस तोवर पुरून झाली होती.

चूक कबूल करायची असं ठरवूनच मावशींकडे गेलो. त्यांनी चहा टाकला आणि विचारलं, "झालं का वो?"

"विज्ञान अजून तेवढं पुढं गेलेलं नाही, मावशी," माझ्या तोंडून निघालं.

त्यांनी चहाचा कप माझ्यापुढं ठेवला. मग म्हणाल्या, "तुमी तरी काय करनार? लई केलंत."

लाज वाटली, पण बोललो नाही. पुढं त्यांनी दुसरी म्हैस घेतली. तिच्या रेतनालाही मलाच बोलावलं. दुसऱ्या कोणाच्या हातावर त्यांचा भरवसा नाही.