कैसर लांब, सरपंच जवळ

एकोणीसशे ब्याऐंशी साल. मी सेहेचाळीस वर्षांचा. लातूर नुकताच जिल्हा झाला होता, आणि पावसानं पाठ फिरवल्यानं आमच्या वस्तीची विहीर आटली होती. बायका दीड कोसावरून पाणी आणायच्या. शाळा मी तिसरीतच सोडलेली, पण टँकरचा अर्ज स्वतःच्या हातानं लिहिला आणि थेट कलेक्टर कचेरीत नेला. नवा जिल्हा, नवा साहेब. मधल्यांची मनधरणी कशाला? कारकुनानं अर्ज परत सरकवला. "ग्रामपंचायतीचा ठराव आणा."

ठराव म्हणजे सरपंच. बांधावरच्या बाभळीवरून तीन वर्षं आमचं बोलणं बंद होतं.

परतताना अहमदपुरात ओळखीच्या मास्तरांकडं उतरलो. हायस्कुलात इतिहास शिकवून रिटायर झालेले, पाच वेळा नमाज पढणारे. म्हटलं, आता दिल्लीलाच अर्ज धाडतो, इंग्रजीत लिहून द्या. त्यांच्या मांडीवर विलायती पंडिताचं पुस्तक होतं. पैगंबरांनी कुणाकुणाकडं दूत धाडले, त्यावरचं.

मास्तर म्हणाले, "आमची रिवायत, म्हंजे पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली हकीकत, सांगते, रूमच्या कैसरला, म्हंजे रोमच्या सम्राटाला, इराणच्या बादशहाला पत्रं गेली, दीनाचं, आमच्या धर्माचं बोलावणं गेलं. ह्या गोऱ्यांत काही म्हणतात, मजकूर मागाहून रचला. काही म्हणतात, दूत गेले असतील, पण बोलणं सलोख्याचं असेल. आसपासच्या टोळ्यांशी करार झाले, हे मात्र बहुतेक मानतात."

"तुम्हाला राग न्हाई येत?"

"कशाचा? माझं ईमान माझ्यापाशी हाय. हा पंडित निदान वाचून शंका घेतो. तू तर कुणाला न इचारताच लातूर गाठलंस."

"दिल्लीचं लिहून देता का न्हाई?"

"देतो की. पण काल ज्यांच्याशी भांडण, त्यांच्याशी आज करार, हे पैगंबरांचं आधी शेजारात झालं. कैसर लांब होता. तुझा सरपंच किती लांब हाय?"

"चार घरं."

"मग?"

मला लई राग आला. अर्धा चहा तसाच टाकून उठलो. बस हलल्यावर मात्र डोकं थंड झालं. माझ्यासारख्या कमी शिकलेल्याला लोक 'तुला काय कळतंय' म्हणून उडवून लावायचे. मास्तरांनी सातासमुद्रापलीकडच्या पंडितांचा वाद माझ्यापुढं बरोबरीनं मांडला होता. ते उपकार मी आजही मानतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी धुतलेला पटका बांधला, सरपंचाच्या ओट्यावर गेलो, आपणहून रामराम घातला आणि ठराव मागितला.