फोन कोणी आपटला?

किल्लीवाल्या मावशींच्या दुकानात दोन गिऱ्हाइकं उभी राहिली की तिसऱ्याने रस्त्यावर थांबायचं. भिंतीभर खिळ्यांना टांगलेल्या कोऱ्या किल्ल्या, टेबलावर किल्ली कापायचं यंत्र, त्याखाली पितळेचा कीस आणि कोपऱ्यात वायरचा जुना फोन. त्याचा नंबर दारावरच्या पाटीवर मावशींच्या नवऱ्याने रंगवला होता. तो गेला, नंबर राहिला. घराबाहेर अडकलेला कोणीही तोच नंबर फिरवायचा आणि मावशी पिशवी उचलून निघायच्या. साऱ्या वस्तीला दोन-दोन, तीन-तीन किल्ल्या करून देणाऱ्या या बाईच्या स्वतःच्या घराला मात्र एकच किल्ली होती. "दुसरी कोणाला देऊ? मांजराला?" असं त्याच विचारायच्या.

संध्याकाळी शटर अर्धं ओढलं की त्या ताईला फोन लावायच्या. ताई थोरली, दुसऱ्या गावी राहणारी, तीही एकटीच. बोलणं भाजीपासून सुरू व्हायचं आणि आरशावर येऊन भांडणात संपायचं. आरसा आईचा, दोघींच्या लहानपणी फुटलेला. तो कोणी फोडला यावर त्यांचं आयुष्यभर एकमत झालं नव्हतं. होऊ नये असंच दोघींना मनातून वाटत असावं, नाहीतर रोज बोलायचं काय? एका संध्याकाळी मावशी कडाडल्या, "तूच फोडलास! कबूल कर!" आणि पलीकडून खट् असा आवाज आला. फोन बंद.

"आपटला!" मावशी रिकाम्या दुकानाला म्हणाल्या.

ताईच्या नाकाच्या शेंड्यावर राग, हे त्यांना ठाऊकच होतं. तेव्हा आता तिनेच फोन करावा, असं त्यांनी ठरवून टाकलं. तिकडेही तसंच काहीतरी ठरलं असावं. उन्हाळा सरला, थंडी आली, ताईचा फोन काही आला नाही. अर्ध्या शटरआड मावशी फोनकडे बघत बसायच्या आणि कोणी डोकावलं की उगाच कानस पुसायला घ्यायच्या. पण आपण होऊन नमतं घेतील तर त्या मावशी कसल्या!

त्यात गिऱ्हाइकांचे फोनही अर्ध्यात तुटायला लागले. "मावशी, कुलूप लागलं, आत दूध उतू जातंय, पत्ता सांगतो..." आणि पुढे शांतता. कुणाचं दूध, कुठलं घर, देव जाणे. कंपनीकडे तक्रार केली की एकच उत्तर: "आमच्याकडे तर लाइन चोख दिसतेय." फोन कंपन्यांविरुद्धच्या तक्रारी सोडवणारी एक योजना होती, तिथेही मावशींनी विचारून पाहिलं. तिथली मुलगी ओशाळून म्हणाली, "मावशी, तुमची कंपनी या योजनेत नाही. यायचं की नाही, ते त्यांच्या मर्जीवर आहे."

"म्हणजे पोलिसांना बोलवायचं की नाही, ते चोराला विचारायचं?" मावशी म्हणाल्या.

हे आणखी बऱ्याच जणांच्या डोक्यात आलं असणार. कारण एका सकाळी रेडिओवर बातमी आली: यापुढे सगळ्या फोन कंपन्यांना या योजनेत यावंच लागेल, मर्जीबिर्जी काही नाही. मावशींनी हातातली किल्ली तशीच टाकली आणि आधी तक्रार नोंदवली.

सुनावणी फोनवरच झाली. एकाच वेळी तिघं बोलणार: मावशी, कंपनीचा माणूस आणि निवाडा करणाऱ्या एक अधिकारी बाई. मावशींनी त्यांचं नाव पंचबाई ठेवलं. कंपनीचा माणूस गोड गळ्याचा होता. "आमच्या नोंदीप्रमाणे लाइनमध्ये काहीही..." इथवर तो आला आणि खट्!

पंचबाईंनी फोन पुन्हा जोडला, तेव्हा त्याचा गोडवा पार उतरला होता. "हे बरं नव्हे, मावशी. मी नीट बोलत होतो आणि तुम्ही फोन आपटलात?"

"मी? अहो, मी तर रिसीव्हर कानाला लावून बसलेय! मला वाटलं, तुम्हीच आपटलात!"

"मी कशाला आपटेन?"

"थांबा," पंचबाई म्हणाल्या. त्यांना हसू आवरत नव्हतं. "तुम्ही नाही, मावशींनीही नाही. मग आपटला कोणी हो, साहेब?"

साहेब नोंदी चाळू लागले. मावशींचं मात्र तिकडे लक्षच नव्हतं. शेवटचं 'खट्' त्यांच्या कानात घुमत होतं, आणि ते ताईच्या वेळच्या 'खट्'सारखं हुबेहूब होतं.

दुसऱ्याच दिवशी लाइनमन आला. यावंच लागलं त्याला, पंचबाईंचा हुकूमच होता. खांबावर चढून त्याने कुजलेला सांधा काढला आणि वरूनच ओरडला, "कधीचा सडलाय हा! लावा आता कोणालातरी फोन!"

मावशींनी ताईचा नंबर फिरवला.

"ताई, त्या दिवशी मी फोन नाही आपटला."

"मग काय मी आपटला?" ताईचा आवाज लगेच चढला. "मी तर बोलतच होते!"

"कोणीच नाही आपटला गं. लाइन सडली होती. काय बोलत होतीस?"

ताई हळूच म्हणाली, "म्हटलं, बरं बाई, मीच फोडला आरसा. आता एक विचारते. घर खायला उठतं गं मला. तुझ्याकडे राहायला येऊ का? बोलून थांबते, तर फोन बंद. मला वाटलं, नको म्हणालीस."

मावशींच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहू लागलं आणि त्याच वेळी त्या हसतही होत्या. "ये! आजच ये, वेडे! विचारतेस काय?"

"येते," ताई नाक ओढत म्हणाली. "पण एक सांगून ठेवते. आरसा तूच फोडलास."

"आत्ता कबूल केलंस ना?"

"ते लाइन सडलेली असताना. ते धरायचं नाही."

खांबावरून उतरलेला लाइनमन दारात वाट बघत उभा होता. आतलं भांडण काही संपेना, तेव्हा लाइन ठीक आहे असं समजून तो निघून गेला. फोन ठेवल्यावर मावशींनी कमरेची घराची किल्ली सोडली, भिंतीवरची एक कोरी किल्ली काढली आणि यंत्र सुरू केलं.