विलायती लेस आणि दोडामार्गचा चढ

सर्वप्रथम मला विलायती बुटांच्या लेसविषयी जाहीर तक्रार नोंदवायची आहे. ही लेस इतकी लांब की अडीनडीला विहिरीतून कळशी काढता येईल, आणि इतकी गुळगुळीत की कशीही गाठ मारा, थोड्याच वेळात तिला वैराग्य येतं. बूट माझ्या मेहुण्याचे. तो इंग्लंडात असतो. दिवाळीत आला आणि जाताना ठेवून गेला. तिकडे म्हणे शनिवार-रविवारी शहाणीसुरती माणसं काही कारण नसताना खेड्यापाड्यांतून चालत सुटतात. जन्मभर शाळेत संस्कृत शिकवल्याने निष्काम कर्म मला तोंडपाठ. ते पायांनीही करतात हे नव्यानेच कळलं.

आम्हाला मात्र कारण होतं. सावंतवाडीच्या डॉक्टरांनी सुमतीला, म्हणजे आमच्या सौभाग्यवतींना, तपासून हृदयाची झडप बिघडल्याचं सांगितलं. "थोडं चालून बघा, वहिनी. दम किती लागतो ते कळू दे. मग औषधावर भागवायचं की मुंबईला ऑपरेशन, ते ठरवू." डॉक्टरांना तळ्याकाठची एक फेरी अभिप्रेत असावी. सुमती म्हणाली, "बघायचंच तर बांद्यापासून दोडामार्गपर्यंत बघू. मध्ये शांताकडे मुक्काम." शांता माझी मावसबहीण. पुढे वाद घालण्यात अर्थ नव्हता.

शनिवारी पहिल्या येस्टीने इन्सुलीवरून बांद्याला उतरलो. कुणाला जायचं असेल तर थंडीतच जा. काजू मोहरलेला असतो आणि उन्हं चढेपर्यंत धुकं हटत नाही. बांद्याच्या बाजारात उसळ-पाव खाऊन घ्या. पुढे हॉटेल नाही, पण उपाशी कुणी राहू देत नाही.

"ओ भाऊनू, चलत खंय चल्लात? गाडी चुकली काय?" अंगणात सुपारी वाळत घालणाऱ्या एका आजीने हटकलं.

"नाय गो आजी, चालूक इलंव."

"चालूक? येस्टी सुरू आसताना?" तिने सुमतीकडे निरखून पाहिलं. "भांडान इलास काय गो बाय? येवा, वायच बसा."

गूळ-पाणी झालं. "बोलावल्यावर नाही म्हणू नये," असं म्हणत सुमती बराच वेळ टेकली. पुढच्या प्रत्येक अंगणात तिने हाच शिष्टाचार पाळला.

अंगणं संपली की चढ यायचा, आणि चढ आला की माझी लेस सुटायची. खाली बसून मी ती निगुतीने बांधी. वर न बघता तिचा श्वास ऐके. तो ताळ्यावर आला की उठे. लेस दरवेळी आपणहून सुटत होती, असा माझा दावा नाही.

"लहान मुलांनाही येते हो गाठ मारता," सुमती म्हणाली.

"त्यांचे बूट देशी असतात."

रात्री शांताने कुळथाची पिठी आणि गरम भात वाढला. "वैनी, सकाळी माझो घोव सायकलीन दोडामार्गाक जाता. मागे बसान जावा."

"चालत आलेय, चालतच जाईन," सुमतीने निक्षून सांगितलं.

रविवारी दोडामार्गच्या अलीकडचा चढ लागला. केळीच्या बागा मागे पडल्या, बोलणंही. निम्म्या चढावर ती थांबली.

"अहो, तुमची लेस सुटलीय."

मी खाली पाहिलं. दोन्ही गाठी घट्ट होत्या.

मी बसलो. एक सोडली, बांधली. मग दुसरीही सोडली. काजूच्या खोडाला हात टेकून ती उभी होती. तिचा श्वास ऐकायला कान द्यावा लागत नव्हता.

"झाली का बांधून?" बऱ्याच वेळाने तिने विचारलं.

"तू सांगशील तेव्हा."

दोडामार्गच्या स्टँडवर केळ्यांची फणी विकत घेऊन माझ्या हाती देत ती म्हणाली, "पोचले की नाही?"

"पोचलीस."

परतीच्या गाडीत ती माझ्या खांद्यावर डोकं ठेवून सावंतवाडीपर्यंत झोपली. लोकांदेखत तिने असं कधी केलं नव्हतं.

आता बूट ओसरीवर आहेत. मंगळवारी डॉक्टरांकडे जायचंय. किती चाललो ते सुमती सांगेलच. कितीदा थांबलो ते मला सांगावं लागेल. ते ऐकून डॉक्टर मुंबईचं तिकीट काढायला सांगतील. मी दोन तिकिटं काढीन. येताना दोन लागतील की नाही, याची मला भीती वाटते.