रेडिओकाका गप्प बसतात

रेडिओकाकांचं सलून हे केस कापायचं ठिकाण आहे, हे गिऱ्हाइकाला खुर्चीतून उठतानाच आठवत असे. तोवर काका बोलत असत. कात्री दमायची, वस्तरा दमायचा, काकांची जीभ मात्र ताजीतवानी. 'रेडिओ' हे नाव गल्लीनं ठेवलेलं. फरक एवढाच, की रेडिओचा कान पिळला तर तो गप्प होतो.

असे हे काका रडकुंडीला आले ते कुत्र्याच्या एका वीतभर पिल्लामुळे. पोटाच्या जबर दुखण्यातून ते मरता मरता वाचलं होतं. उलट्या थांबल्या, हगवण थांबली, आणि त्यांच्याबरोबर खाणंही थांबलं. जनावरांच्या डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं, "औषधानं व्हायचं तेवढं झालं. आता पोटात अन्न गेलं नाही तर पुन्हा सलाइन, आणि ते सोसायची ताकद त्याच्यात उरलेली नाही. कोमट द्या, थोडं थोडं द्या, आणि शांतपणे खाऊ द्या."

पहिल्या दोन सूचना काकांनी तंतोतंत पाळल्या. आरशाखाली टॉवेलांच्या टोपलीत पिल्लू, पुढ्यात बशीत कोंबडीच्या पाण्यात कालवलेला मऊ भात, आणि बशीशेजारी उकिडवे काका.

"खा रे राजा, एक घास. तुझ्या वयात मी दगड पचवायचो. वास तरी बघ. त्या पोस्टमनच्या तोंडाला बघ कसं पाणी सुटलंय."

"पाणी नाही काका, साबण गेलाय तोंडात," अर्ध्या गालावर फेस घेऊन बसलेला पोस्टमन म्हणाला. "दुसरा गाल आजच करायचाय ना?"

पिल्लू बशीला नाक लावायचं, की काकांना भरून यायचं. "शाब्बास रे माझ्या वाघा," म्हणून ते सुरू व्हायचे, आणि वाघ मान वर करून, कान टवकारून त्यांच्याकडे बघत बसायचा. भात निवून जायचा.

काकू मागच्या खोलीतून पुन्हा भात कोमट करून आल्या आणि दारातच थबकल्या.

"अहो, ते तोंड घालतं तेवढ्यात तुम्ही भाषण काढता. बिचारं ऐकत बसतं. त्याला वाटतं, यांचं संपलं की जेवू."

"मग?"

"मग काय, संपतंय कुठे?"

"अगं, पण मी करू तरी काय?"

"एवढ्या वर्षांच्या संसारात जे केलं नाहीत ते."

काका गप्प बसले. सलूनमध्ये नळाचं ठिबकणं पहिल्यांदाच ऐकू आलं. दारात आलेल्या एका गिऱ्हाइकानं ही शांतता पाहून चपला बाहेरच काढल्या आणि हलकेच विचारलं, "कोण गेलं?"

काकांच्या ओठापर्यंत आलेलं उत्तर त्यांनी आवंढ्यासकट गिळलं. पोस्टमनच्या गालावरचा फेस वाळून पापुद्रा झाला, पण तोही हूं की चूं करेना.

पिल्लानं जरा वाट पाहिली. काही ऐकू येत नाही म्हटल्यावर बशीत जीभ बुडवली. मग पुन्हा बुडवली. मग चपचप आवाज सुरू झाला, आणि बशीचा तळ दिसेपर्यंत थांबला नाही. काकांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं. न राहवून त्यांनी तोंड उघडलं. त्याबरोबर पिल्लानं मान वर केली.

काकांनी तोंड मिटलं आणि नुसत्या बोटानं काकूंना खूण केली: अजून थोडासा.