सदानवः

माझ्या बायकोची थोरली बहीण, आम्हा सगळ्यांची ताई, सरकारी संस्कृत विद्यापीठात व्याकरण शिकवायची. बारीक चणीची, मोजकं बोलणारी. पण मनात धरलं की धरलं. विभागप्रमुखांनी तिचं नाव ‘विसर्ग’ ठेवलं होतं. “शेवटची दोन टिंबं, असली काय नि नसली काय,” असं ते भर वर्गात म्हणायचे.

तेही तिनं सोसलं. पण वर्षानुवर्षं खपून तिनं लिहिलेलं व्याकरणाचं पुस्तक प्रमुखांच्या नावानं छापून आलं. ताईचं नाव आत, मुद्रितं तपासणाऱ्यांत. त्या संध्याकाळी ती आमच्याकडे येऊन म्हणाली, “ह्या माणसाला भरसभेत पाणी पाजलं नाही, तर नाव लावणार नाही.”

प्रमुख निवृत्त होणार होते. ताम्रपटावर कोरायचं मानपत्र ताईनंच रचावं, अशी त्यांचीच इच्छा. बायको म्हणाली, “सरळ नाही म्हण.”

“वेडी की काय?” ताई म्हणाली, आणि लिहायला बसली.

श्लोक तिनं प्रमुखांना स्वतः म्हणून दाखवले. शेवटचा शब्द, सदानवः. सदा नवः, म्हणजे नित्य ताजा. स्वारी खूश! मग कारागिराला तिनं ओळी पाडून दिल्या. ‘स’ ओळीच्या शेवटी, ‘दानवः’ खालच्या ओळीत.

समारंभात कुलगुरू ताम्रपट वाचू लागले. ओळ संपली तिथे त्यांनी श्वास घेतला. “स...” आणि मग खणखणीत, “दानवः!”

स दानवः, म्हणजे तो राक्षस आहे. सभागृहात सगळे संस्कृतवाले. कुणालाच अर्थ सांगावा लागला नाही. आधी मागच्या रांगा हसल्या, मग पुढच्या.

“बाई, हे काय लिहिलंत?” प्रमुख व्यासपीठावरून उतरून तिच्यावर धावले.

“सदा नवः, सर. ‘स दानवः’ वाचलं तरी व्याकरण चुकत नाही म्हणा. ‘सः’चा विसर्ग तिथे गळतोच. असला काय नि नसला काय!”

आठवड्यानं ते ताईच्या घरी आले. आम्हीही तिथेच होतो. विद्यार्थी आता त्यांना दानवसर म्हणत होते.

“अर्थ ‘सदा नवः’ असाच आहे, एवढा खुलासा छापा.”

“छापते. आधी पुस्तक कुणाचं ते तुम्ही छापा.”

चहाला हात न लावता ते उठून गेले. बायकोला वाईट वाटलं. “म्हातारा झालाय गं तो. सोड आता.”

“पुस्तक सोडलंय का त्यानं?” ताई म्हणाली, आणि त्यांचा चहा आपल्या कपात ओतून घेतला.