कासारवाडीच्या दारावरची बेल

आमच्या धाकट्या साडूला देवानं स्वर्गाच्या दारावर बसवलं, तर पहिल्याच दिवशी तो खुद्द देवाला थांबवून विचारेल, "तुमचं आत नेमकं काय काम आहे? कारण लिहा." आणि देव बिचारा निमूटपणे कारण लिहील, हे मी खात्रीनं सांगतो, कारण मी स्वतः लिहिलेलं आहे. साडू म्हणजे माझ्या बायकोच्या धाकट्या बहिणीचा नवरा. या नात्यात फार प्रेम असतं म्हणतात. असेल बुवा. माझ्या वाट्याला मात्र जळफळाटच जास्त आला, आणि आता या वयात तो लपवत बसण्याचा माझा विचार नाही.

मुळात त्याला इथं आणला मीच. आमचे मालक चऱ्होलीचे, जुन्या शेतकरी घराण्यातले. शेताच्या जागी इमारती उभ्या राहिल्यावर त्यांनी भाड्यानं बसायची ऑफिसं काढली. एक कासारवाडीत स्टेशनजवळ, एक चऱ्होलीत आणि एक चाकणला. छोट्या कंपन्यांनी यायचं, टेबल, खुर्ची, इंटरनेट, मीटिंग रूम, चहा सगळं तयार, बसून काम करायचं. कासारवाडीचा मॅनेजर मी, आणि तिन्हीकडच्या किल्ल्यांचा जुडगा माझ्या कमरेला. तो खुळखुळत मी जिना उतरू लागलो की गप्पा मारणारे लोक गुपचूप स्क्रीनकडे बघायचे. बायको म्हणायची, "तुम्ही कोपऱ्यावर असता तेव्हाच मला आवाज येतो, मी कुकर लावून टाकते." असा सगळा दबदबा. मग हा लातूरकडून नोकरीच्या शोधात आला. कॉम्प्युटरमधलं बरं समजतं म्हणून मीच मालकांपुढे त्याची शिफारस केली, आणि त्याच महिन्यात मालकांनी ते सॉफ्टवेअर घेतलं. स्वतःच्या हातानं स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घेणं म्हणतात ते हेच.

कोणत्या कंपनीचं कोणतं खातं, ते कोणत्या साइटवर, त्यातल्या कोणाच्या कार्डानं कोणतं दार उघडायचं, हे सगळं त्या सॉफ्टवेअरमध्ये मांडायचं असतं. दुसऱ्या कोणी ते चार दिवसांत उरकलं असतं. यानं तीन आठवडे घेतले. लग्नात मानपानाची यादी करतात तशी यादी, खिशात तीन रंगांची पेनं, आणि प्रत्येक माणसाला समोर बसवून चौकशी, "सकाळी आल्यापासून तुम्ही कुठंकुठं जाता, सांगा बरं." चहा करणाऱ्या मावशींना त्यानं सर्व्हर रूमची परवानगी दिली, कारण त्या तिथं झाडतात. चाकणच्या एका कंपनीच्या डायरेक्टरला दिली नाही, कारण तो तिथं नुसता डोकावतो. "ज्याचं जिथं काम, त्याला तिथलं दार," एवढं एकच तत्त्व. घरीसुद्धा तेच. टीव्हीचा रिमोट बायकोकडे, मुलीला फक्त बघायची परवानगी, आणि स्वतः हा बातम्यांच्या वेळी बायकोला विचारून चॅनेल बदलणार. आमच्या हिला त्याचं कोण कौतुक! "धाकटीच्या ह्यांचं बघा," ती मला ऐकवायची, "घरात कशाला शोधाशोध नाही. तुमचा चष्मा तुम्हाला सापडत नाही." चष्म्याचा इथं काय संबंध होता, मला आजतागायत कळलेलं नाही.

"साडूभाऊ, आता याचं ओझं कशाला," असं म्हणत त्यानं एक दिवस माझा जुडगा घेतला, पाकिटात घातला, वर चिठ्ठी चिकटवली आणि कपाटात ठेवून दिला. माझ्या हातात आलं एक पांढरं कार्ड. ते फक्त कासारवाडीचं दार उघडायचं. म्हणजे काल तीन गावांचा कारभारी, आज एका दाराचा. मी लगेच सॉफ्टवेअरमधून अर्ज केला, तिन्ही साइट हव्यात. कारणाच्या चौकटीत लिहिलं, "मी इथला सर्वांत जुना माणूस आहे." अर्ज परत आला. खाली त्याचा शेरा, "हे कारण नाही, ही माहिती आहे." दुसऱ्यांदा लिहिलं, "कधी गरज पडली तर." शेरा आला, "गरज पडली की फोन करा, एका मिनिटात देतो." तिसऱ्यांदा मी काय लिहिलं ते इथं सांगण्यासारखं नाही. माझी मागणी तेव्हापासून तशीच पडून राहिली.

मला वाटलं होतं, मालकच याला वठणीवर आणतील. एकदा चऱ्होलीत ते सर्व्हर रूमच्या दाराला कार्ड लावत उभे होते आणि दार ढिम्म. "आरं, जिमीन माझी, इमारत माझी, आन मलाच दार उघडंना व्हय?" साडू शांतपणे म्हणाला, "मालक, आत नुसत्या वायरी आहेत की ओ. तुमचं काय काम आहे सांगा, आत्ता देतो." मालक विचारात पडले. "काम तर न्हाई बा काय." आता याची नोकरी जाणार म्हणून माझ्या मनात लाडू फुटत होते. तर मालक खो खो हसले, त्याच्या पाठीत थाप मारली आणि तेव्हापासून येईल त्याला सांगत सुटले, "आमच्याकडं असला मानूस हाय, मलाबी आत सोडत न्हाई!" सात वर्षं मी त्यांच्यासाठी धावत जाऊन दारं उघडली. ते त्यांनी कधी कोणाला सांगितल्याचं मला आठवत नाही.

पण सगळ्यात डोक्यात जायची ती त्याची बेल. दर सोमवारी हा कासारवाडीला यायचा, गळ्यात कार्ड लटकवलेलं, आणि काचेच्या दाराबाहेर उभा राहून बेल वाजवायचा. मी फोनवर असलो, जेवत असलो, तरी उठून मीच दार उघडायचं. "पाहुणे, सगळ्या दारांचे धनी तुम्ही," मी एकदा म्हणालो, "कार्ड लावायला हाताला मेंदी लागलीय का?" तो नुसता हसला, "बसा हो, चहा घेऊ." थोरल्या साडूला दर सोमवारी उठवून उभं करायची ही हौस आहे, असं मी मनाशी पक्कं केलं. कधी कधी मुद्दाम त्याला दोन मिनिटं उन्हात ताटकळत ठेवायचो. तो आत डोकावायचासुद्धा नाही, जोड्यानं जमिनीवरचा खडा सारत उभा असायचा.

आणि मग त्याची चूक झाली. चऱ्होलीत मालकांच्या भावकीतले दोन चुलतभाऊ होते, दोघांच्या दोन कंपन्या, दोघांनी आमच्याकडे जागा घेतलेली. यानं विचार केला, आडनाव एक, आजोबा एक, म्हणजे घर एक. त्यानं आजोबांच्या नावानं एक मुख्य खातं उघडलं आणि दोघांना त्याच्या पोटात घातलं. आता एकाच्या कार्डानं दुसऱ्याची केबिन उघडणार, आणि मीटिंग रूम दोघांची मिळून एक. नऊ वर्षांपूर्वी एका बांधावरून त्या दोघांचं बोलणं बंद झालेलं, हे चऱ्होलीतल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक. लातूरच्या माणसाला कुठून ठाऊक असणार? मला ठाऊक होतं. त्यानं यादी पाठवून फोनही केला होता, "साडूभाऊ, तुम्ही इथले जुने. काही चुकलंय का बघा." मी म्हणालो, "झकास आहे." फोन ठेवला आणि वर चहा मागवला.

व्हायचं तेच झालं. एका मंगळवारी दोघांनी चाकणच्या कंपन्यांचे पाहुणे बोलावलेले, एकाच वेळी, एकाच खोलीत. दोघांची कार्डं लागली, दार दोघांनाही उघडलं. "तू हितं कसा?" "तू कसा?" इथून सुरुवात झाली ती बांधापर्यंत गेली. मालक धावत आले, पाठोपाठ त्या दिवशी कामासाठी चऱ्होलीत आलेला मीही, तमाशा बघायला. "कुनी केलं हे?" मालक ओरडले. आता हा माझं नाव घेणार, साडूभाऊंना विचारूनच केलं म्हणणार. तो म्हणाला, "मी केलं, मालक. माझी चूक आहे." बस्स. माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. आणि त्याचं नशीब बघा! पाहुण्यांना वाटलं, ही घरची मोठी फर्म आहे, ते दोघांच्या मध्ये बसून बोलूही लागले. पाहुणे गेल्यावर दोघं भाऊ नऊ वर्षांत पहिल्यांदा एका गोष्टीवर एकमतानं बोलले, की ज्यानं हे केलं तो महामूर्ख आहे. पण शिव्या देता देता चहा झाला. खाती वेगळी करून घेतली, मीटिंग रूम मात्र सामाईकच राहू दे म्हणाले. भावकीतला नऊ वर्षांचा अबोला मोडला म्हणून मालकांनी साडूचा शाल घालून सत्कार केला. टाळ्या वाजवणाऱ्यांत मीही होतो, आणि माझी मान काही वर होत नव्हती.

या वर्षी वडील थकले म्हणून तो लातूरला परत गेला. जाताना सगळं माझ्या हवाली केलं. जी तिन्ही साइटची परवानगी मी इतकी वर्षं मागत होतो, ती एका क्लिकमध्ये मिळाली, कारणाच्या चौकटीत त्यानंच लिहिलं होतं, "आता काम आहे." तो गेल्यावर मी आधी त्याचं नाव उघडलं. म्हटलं, बघू या तरी, यानं स्वतःला काय काय देऊन ठेवलं होतं. चऱ्होलीपुढे खूण होती. चाकणपुढे खूण होती. कासारवाडीची चौकट रिकामी होती. मला वाटलं, पुसली गेली असेल, म्हणून जुन्या नोंदी काढल्या. पहिल्या दिवसापासून रिकामी.

मी फोन लावला. "पाहुणे, तुमच्या कार्डाला कासारवाडीचं दार कधी नव्हतंच?"

"नव्हतं," तो म्हणाला. "तिथं माझं काय काम? तिथं तुम्ही आहात की ओ."

मला त्या चुलतभावांचं बोलायचं होतं. मी "वडील कसे आहेत?" एवढंच विचारलं. आता सोमवारी बेल वाजली की मी उठतो, तर बाहेर कुरिअरवाला असतो. परवा साडूच्या नावापुढे कासारवाडीची खूण करायला घेतली होती, कारण लिहायच्या चौकटीपर्यंत गेलोही, आणि मग तशीच रिकामी सोडली. आला कधी इकडे, तर वाजवू दे बेल. मी लगेच उठेन.